फुकटचे शिलिंग

परदेशी संस्थेने गावातल्या प्रत्येक घराच्या फोनवरच्या खात्यात साठ हजार शिलिंग पाठवले, तेव्हा अपियोच्या सासूने फोनच काढून घेतला. "फुकट कोण देतं गं? सैतानाचा पैसा! मोबदल्यात पोर नेतात म्हणे." अपियोला आठवा महिना होता. आधीची दोन बाळं गाडीभाडं नसल्यामुळे घरीच दगावली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. नवरा सरोवरावर मासेमारीला गेलेला. "आई, फोन द्या," ती कण्हली. सासूने फोन मुठीत आवळला. मग धावत जाऊन तिने भाड्याची मोटरसायकल अडवली आणि फोन चालकापुढे धरला. "सुनेला अन् मला दवाखान्यात ने. पैसे यातून घे. आणि कोणी मोबदला मागायला आलं, तर म्हातारीने खर्चले म्हण, सुनेने नाही." संध्याकाळी मुलगी झाली. ती रडली, अपियोही रडली. सासू मात्र वॉर्डचं दार अडवून बसली आणि येईल त्याला विचारू लागली, "तुम्हाला कोणी पाठवलं?"