नदीसाठी केशदान

"मुठा वाचवायची तर माणसानं डोक्यावरच्या केसांचाही मोह धरू नये," आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी शौनक गॅरेजमागच्या नाल्याकाठी गरजला. केस तेल शोषतात, म्हणून सलूनमधले केस आम्ही जुन्या पायमोज्यांत भरून आणले होते. तेलाच्या तवंगावर पहिला मोजा सोडायला तो वाकला आणि मोज्याआधी त्याचा विग पडला. तो विग आहे हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. पण विगानं तवंग असा टिपला की मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

सोसायटीतल्याच कल्याणीताईंनी विग काठीनं उचलला. "एवढा त्याग कुणी केला नाही हो. टाकू कचऱ्यात?"

शौनकनं डोक्यावर रुमाल धरला. "ताई, जरा पिळून द्याल का? संध्याकाळी मुलगी बघायला जायचंय."