चेहरा तेवढा तुमचा

"बाकी सगळं झकास, पण तोंडाची वाट लावलीस!" फ्लॉरेन्सचा लोकरीचा बडा व्यापारी चित्रकारावर खेकसला. दुसऱ्या लग्नासाठी मुलीकडच्यांना पाठवायच्या चित्रात त्याच्या तिन्ही हनुवट्या मोजून घ्याव्यात इतक्या ठळक उतरल्या होत्या.

"शेटजी, सगळं नामवंतांसारखं हवं, असं तुम्हीच म्हणालात. हातांची ठेवण आमच्या उस्तादांची उचलली, मखमलीची झळाळी व्हेनिसवाल्यांची, मागचे निळे डोंगर फ्लँडर्सच्या चित्रांतले. चेहरा तेवढा तुमचा आहे."

"मग तोही उचल की कुणाचा तरी!"

चित्रकाराने तोही उचलला. रोमच्या एका संगमरवरी देवाचं नाक आलं, टकलावर कुरळे केस आले, हनुवटी एकच उरली. व्यापारी आरशाकडे पाठ करून चित्रापुढे तासभर उभा राहिला. "आत्ता कुठे मी दिसतोय!"

चित्र पोचलं आणि मुलीचा बाप स्वतःच येऊन थडकला. नवाकोरा मखमली अंगरखा चढवून व्यापाऱ्याने दार उघडलं.

पाहुण्याने त्याला कडकडून मिठी मारली. "मुलगा एकदम पसंत! बोलवा त्याला बाहेर, व्याहीबुवा."