अकरा ओळी

सुलभाताईंनी संगणकावरची लाल चौकट न वाचताच बंद केली. शेजारी वही घेऊन बसलेल्या केतकीने ते टिपलं. रुग्णालयाच्या या नोंदणी खिडकीवर दोनदा फसवी मेल उघडली गेली होती. तिसऱ्यांदा तसं झालं, तर सुलभाताईंची बदली ठरलेली होती. लाल चौकटीतून इशारा देणारा प्रोग्राम केतकीच्याच कंपनीचा. "लोक वाचतच नाहीत," असं तिचे साहेब म्हणायचे.

"ताई, काय लिहिलं होतं त्यात?"

"अकरा ओळी होत्या, बाई! बाहेर पेशंट कण्हतोय आणि मी इथे पारायण करत बसू?"

केतकीने हसून त्या ओळींचा अर्थ सांगितला. "हेच एखाद्या नव्या मुलीला तुम्ही कसं सांगाल?"

"सांगेन की, मेल पाठवणारा हा माणूस आपल्या ओळखीचा नाही. मेल उघडू नकोस, आधी संगणक विभागात पाटणकरांना फोन कर."

केतकीने अकरा ओळी काढून तेच वाक्य चौकटीत घातलं आणि खाली फोनचं एकच बटण ठेवलं.

महिन्याभराने सगळ्या खिडक्यांवर तसलीच मेल आली. रांग ओरडत होती. सुलभाताईंचा हात सवयीने माउसवर गेला आणि थांबला. त्यांनी चौकट वाचली, बटण दाबलं. पाठोपाठ एकेका खिडकीवरून पाटणकरांना फोन जात राहिले. मेल कुणीच उघडली नाही.

हे कळताच केतकीचे साहेब स्वतः धावत आले. "इतकं सोपं वाक्य लिहिलं कुणी?"

"मी," सुलभाताई मान वर न करता म्हणाल्या. "आता खिडकीसमोरून जरा बाजूला व्हा, साहेब. मागे माणसं खोळंबलीत."