पिवळा पट्टा

जुन्या इंजिनाचा मूळ रंग नेमका कोणता, यावर वाद पेटला की रेल्वेवेडी मंडळी गोलबर्न गावच्या लेस्टरला गाठत. चाळीस वर्षं फलाटाफलाटांवर काढलेले त्याचे रंगीत फोटो म्हणजे शेवटचा शब्द!

बायको नोरीन चहाचा थर्मास घेऊन कायम सोबत असायची, आणि फोटो काढताना हा कायम खेकसायचा, "बाजूला हो ना! पिवळा पट्टा झाकतेयस इंजिनाचा."

"झाले बाबा! सवतीपुढे माझं काय चालणार?" म्हणत ती हसत सरकायची.

नोरीनच्या दफनाच्या आदल्या दिवशी लेस्टरने फोटोंचे सगळे खोके उपसले. मग मंडळींच्या ग्रुपवर आयुष्यात पहिल्यांदा त्यानेच विचारलं,



"तुमच्या कुणाच्या फोटोत, चुकून का होईना, थर्मास घेतलेली एक बाई आलीय का रे?"