जोड्या लावा

दहावी 'ब'मध्ये कोणाची जोडी कोणाशी, हे केतकी ठरवायची. तिच्या स्वतःच्या तोलाचा मात्र वर्गात एकही नव्हता. सगळा नुसता भुसा! त्यातही तेल चोपडून दोन वेण्या घालणारी मैथिली म्हणजे कहर.

"या ध्यानाला तो तोतरा निनादच शोभेल," म्हणत तिने मैथिलीच्या नावाने निनादला गुलाबी चिठ्ठी धाडली. मजा राहिली बाजूलाच. दोघं चक्क एका डब्यात जेवू लागली. केतकीने नाक मुरडलं.

स्नेहसंमेलनात बाई फिशपाँडच्या निनावी चिठ्ठ्या वाचायला उभ्या राहिल्या. केतकी केस सावरून बसली. आपल्यावर कौतुकाचाच फिशपाँड पडणार, याची तिला खात्री होती.

"हा केतकीसाठी," बाई म्हणाल्या. "'जोड्या लावा'च्या प्रश्नात 'ब' गटात एक पर्याय जास्तीचा असतो. तो कोणाशीच जुळत नाही."

सभागृह खदाखदा हसलं. तिचा सगळा भुसा बाकं बडवत होता.

हसत नव्हती ती एकटी मैथिली. बाकावर शेजारी ठेवलेलं दप्तर उचलून ती केतकीला खुणावत होती, "ये, इथे बस."

बाकीच्यांचं हसणं एक वेळ परवडलं असतं.