वाढीव माप

"अगं, ही तर माझ्या खऱ्या बाजूपेक्षा मोठी झाली," हेमलताकाकू ब्लाउजमध्ये डोकावत म्हणाल्या.

कॅन्सरचे उपचार संपलेल्या बायकांचा हा गट. प्रत्येकीचा एक स्तन काढलेला. आईही त्यातलीच. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तिनं सगळ्यांसाठी मोहरी भरलेल्या उशा शिवल्या होत्या. बाळाच्या डोक्याखाली ठेवतात तशा, फक्त ब्लाउजात बसतील एवढ्या. शेवटची काकूंची. ती शिवून झाल्यावर आठवड्यानं आई गेली. उशा वाटून मी लगेच निघणार होते.

"तुम्ही सांगितलेल्या मापानंच शिवलीय तिनं," मी म्हणाले.

"माप मी वाढवून सांगितलं होतं. म्हटलं, कोण मोजायला येतंय."

बायका खिदळल्या. एकीनं कात्री पुढे केली. "थोडी मोहरी काढ, झालं."

काकूंनी उशी माझ्या हातात दिली. कडेला आईचे टाके होते, शेवटचे जरा वाकडे गेलेले. कात्री तिथवर नेली, पण उसवायला हात धजेना.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग उशी काढून घेतली आणि पुन्हा आत सरकवली.

"तू बस, तिळगूळ खा," त्या म्हणाल्या. "मी दुसऱ्या बाजूला रुमाल कोंबते."