टर्कींची राखण

"कोल्हा आला तर फाटकातूनच येणार," असं म्हणत शैलश्रीनं चाळलेली राख फाटकाच्या आतल्या बाजूला पसरली. खुराड्यापासून फाटकापर्यंत दोन हात रुंदीची पट्टी. कुठं जाड, कुठं पातळ होऊ नये म्हणून ती वाकून वाकून बघत होती.

गडग्यापलीकडून शेजारच्या राजूबाई हे सगळं पाहत होत्या.

"मी म्हनते, खुराडं फाटकाला चिकटवून कोन बांधतं गं? मागं एवढी जागा मोकळी पडलीया. कोल्ह्याला ताट वाढून ठिवायलीस व्हय?"

"मागं ऊन लागत न्हाई, मावशी."

"आन् तुमच्यात तर अंडंबी चालत न्हाई. मग ही धुडं पाळायचीच कामून? इकायचं बी नाव काढीनास."

"घराला सोबत."

"सोबत! परवा मीठ मागायला आले, तर पाचीच्या पाची अशा बोंबलल्या, जशी मी दरवडा घालायलेय."

शैलश्री हसली. कोंबड्या स्वस्तात मिळत असूनही तिनं घेतल्या नव्हत्या. अंधार पडला की कोंबडी दगडासारखी बसून राहते. टर्कीचा नर मात्र जरा खुट्ट झालं तरी गलका करून उठतो. चिटगुप्पा गावाजवळच्या एका माणसाकडून हे पक्षी घेण्याआधी शैलश्रीनं दिवेलागणीपर्यंत थांबून त्याच्या फाटकाची कडी चार वेळा वाजवून पाहिली होती. चारही वेळा नर ओरडला, तेव्हाच तिनं टोपलं उचललं. प्राणिशास्त्र शिकलेल्या बाईची ही रीत गावाला चमत्कारिक वाटली होती.

राख झाल्यावर तिनं बैलांची जुनी घुंगरमाळ फाटकाच्या कडीला बांधली. बैल विकल्यापासून ती खुंटीलाच होती.

तेवढ्यात काशप्पा, तिचे सासरे, ओसरीवरून उतरले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, गळ्यात गोफण. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून त्यांचा डावा पाय घासत चालायचा. त्यांचं रान तलावात गेलं त्याला बारा वर्षं झाली, पण गोफण काही सुटली नव्हती.

"शैला, राखणीला जायला पायजे. पाखरं उतरली असतील."

"राखण हितंच हाय, अप्पा. ह्या बघा. मोजून घ्या बरं."

अप्पा खुराड्याच्या जाळीला तोंड लावून कानडीत मोजू लागले. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु." पुन्हा मोजल्या. पाचच. मग त्यांचा चेहरा निवला.

"एक बी कमी व्हायला नको, पोरी."

"तुम्ही असल्यावर कशी व्हईल?"

ते ओसरीवरच्या बाजेवर जाऊन बसले. खुराडं तिथून समोरच दिसायचं.

तिचा नवरा सिद्धेश्वर दुकान बंद करून आला. त्यानं सवयीनं आधी पाणी मागितलं, मग पिशवीतून एक थोरलं पितळी कुलूप काढून कोनाड्यात ठेवलं.

"उद्यापासून हे लावायचं."

"कुलूप नको," शैलश्री हळूच म्हणाली. "कोंडलेला जीव आतल्या आत धडका मारतो."

"आन् मी रोज पळू? मागल्या अवसेला पुलापर्यंत गेलो. खाली पाणी होतं, शैला."

"सात वेळा झालं. साती वेळा टर्की ओरडल्या, आपण उठलो, वेळेवर गाठलं." तारखा तिनं कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवल्या होत्या.

"आठव्यांदा ओरडल्याच न्हाईत तर?"

ती बाजेकडं बघत म्हणाली, "कुलूप लावलं की अप्पांची राखण संपली. मग त्या मानसानं दिवसभर कशाची वाट बघायची?"

सिद्धेश्वरनं अप्पांच्या गळ्यातल्या गोफणीकडं पाहिलं. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की अप्पा त्याला रानातल्या माळ्यावर घेऊन जायचे. गोफणीत दगड भरून द्यायचे आणि म्हणायचे, पाखराला लागू देऊ नको, नुसतं उठव.

"एक रात्र," तो म्हणाला. "एकच. उद्या सकाळी मी काय ते ठरवीन."

पहाटेच्या आधी घुंगरमाळ वाजली.

नर ओरडला, पाठोपाठ बाकीच्या. सिद्धेश्वरचा हात बॅटरीकडं गेला. शैलश्रीनं त्याचं मनगट धरलं.

"थांबा."

"खुळी झालीस का?"

"दुसऱ्यांदा वाजली तर जा. फाटक उघडलं की ती दुसऱ्यांदा वाजती."

दोघं अंथरुणात बसून राहिली. पक्ष्यांचा गलका चढला, उतरला, थांबला. घुंगरं वाजली नाहीत. तिनं मनगट सोडलं तेव्हा त्यावर तिच्या बोटांचे वळ होते.

फटफटल्यावर दोघं बाहेर आली. खुराड्यात पाचही टर्की अंग फुगवून बसल्या होत्या. बाजेवर अप्पा घोंगडं ओढून गाढ झोपले होते, गोफण मुठीत. सिद्धेश्वर कुलूप घेऊनच आला होता.

"फाटकापाशी कुणी आलं होतं ना?" त्यानं विचारलं.

शैलश्री राखेपाशी उकिडवी बसली. "तुम्हीच बघा."

तो वाकला. कोल्ह्याचा ठसा राखेत चार महिन्यांत कधी उमटला नव्हता, आजही नव्हता. होती ती माणसाची अनवाणी पावलं, डावं घासत चाललेलं. फाटकापर्यंत आलेली, कडीपाशी उभी राहिलेली. सातही वेळा ती तिथून बाहेर पडून अंधारात तलावाकडं, बुडालेल्या रानाची राखण करायला निघून गेली होती. आज ती मागं वळली होती, पाच पक्ष्यांपाशी थांबली होती आणि बाजेकडं परतली होती.